हाताला बसणारी गिटार

तंबोऱ्याला भोपळा लागतो, सतारीला भोपळा लागतो, व्हायोलिनला पोकळ पेटी लागते. नुसती तार ताणून छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावर विरतो, कारण इतक्या बारीक तारेला हवा ढकलता येत नाही. म्हणून तारेला पोकळी जोडायची आणि तिच्याकडून आवाज मोठा करून घ्यायचा, ही तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची जुनी विद्या. इलेक्ट्रिक गिटारने ती पोकळीच काढून टाकली. दुकानातल्या भिंतीवरून एखादी गिटार उतरवा आणि वायर न जोडता वाजवून पाहा. एक किणकिणता, पातळ आवाज येईल. मैदानभर पसरलेल्या हजारो श्रोत्यांपर्यंत जाणारे हे वाद्य विजेवाचून शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही.

गिटार विकत घेताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी, कारण निवडीचा सगळा हिशेब तिच्यामुळे बदलतो. साध्या, पोकळ गिटारीत आपण पेटीचा आवाज विकत घेत असतो. इलेक्ट्रिक गिटारीत आवाज घडतो तो तार, चुंबक आणि अ‍ॅम्प्लिफायर या साखळीत, आणि या साखळीतले बरेच दुवे पुढे बदलता येतात. सहजासहजी बदलता येत नाही ती गिटारीची मान आणि त्या मानेवरची कारागिरी. या प्रकरणात मला एवढेच पटवून द्यायचे आहे की पहिली इलेक्ट्रिक गिटार रंगावरून, नावावरून किंवा लाडक्या वादकाच्या छायाचित्रावरून घेऊ नये. तिची मान हाताला कशी बसते आणि तिची जुळणी किती नीट झाली आहे, हे पाहून घ्यावी.

दोन गावे, तीन गिटारी

विजेवर चालणारी पहिली यशस्वी गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये तयार झाली. जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांची ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. आकार दांड्याच्या तव्यासारखा, म्हणून तिचे नाव पडले ‘फ्राइंग पॅन’. त्या काळच्या नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे गिटारवाल्याचा आवाज बुडून जाई, ही खरी अडचण होती. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने पोकळ गिटारीवर पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाची वीज करणारा चुंबकी भाग, बसवून ‘ईएस-१५०’ बाजारात आणली आणि चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने जॅझमध्ये गिटारला पुढच्या रांगेत आणून बसवले.

पण पोकळ पेटीची एक खोड निघाली. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला की तो पेटीत शिरे, पेटी थरथरे, तार पुन्हा हले आणि शिट्टीसारखा कर्कश आवाज चक्राकार वाढत जाई. यावर खात्रीचा उपाय होता पेटी भरीव करणे. लेस पॉल या वादकाने १९४०च्या सुमारास चार इंच जाडीच्या पाइनच्या चौकोनी ओंडक्यालाच तारा आणि पिकअप लावले. लोकांना ते गिटार वाटावे म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारीचे दोन अर्धे भाग चिकटवले. आवाजाला त्या अर्ध्या भागांचा काही उपयोग नव्हता, ते फक्त दिसण्यापुरते होते.

हे वाद्य कारखान्यात उतरवले ते कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती, पण दुरुस्तीला आलेले यंत्र कुठे बिघडते हे त्याला नेमके ठाऊक होते. त्याने १९५० मध्ये आणलेली आणि १९५१ पासून ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली जाणारी गिटार दुरुस्तीवाल्याच्या नजरेने घडवलेली होती: भरीव लाकडाची फळी आणि तिला चार स्क्रूंनी जोडलेली मान. मान खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. १९५४ मध्ये त्याने ‘स्ट्रॅटोकास्टर’ आणली. अंगाला टोचू नये म्हणून तिच्या कडा गोलसर कापल्या होत्या आणि पिकअप तीन होते. तिकडे मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी गिब्सनने १९५२ मध्ये ‘लेस पॉल’ काढली. तिचे अंग महोगनीचे, वर मेपलचा थर, आणि मान स्क्रूऐवजी सरसाने जोडलेली.

दुकानाच्या भिंतीवर आज शंभर गिटारी दिसल्या, तरी त्यांतल्या बहुतेकींचे गोत्र या तिघींपैकी एकीशी जुळते. यामाहाची पॅसिफिका किंवा आयबानेझच्या अनेक गिटारी स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाच्या आहेत. फेंडरचीच स्वस्त शाखा म्हणजे स्क्वायर, गिब्सनची एपिफोन. यांचे बरेचसे उत्पादन इंडोनेशिया आणि चीनमध्ये होते. संगणकाने चालणारी कटाई यंत्रे आल्यापासून स्वस्त गिटारीची लाकूडकटाईसुद्धा नेमकी होऊ लागली. त्यामुळे आजच्या नवशिक्याला माफक किमतीत जेवढी चांगली गिटार मिळते, तेवढी पूर्वी मिळत नव्हती. किमतीतला फरक आता मुख्यतः हातकामात उरला आहे: फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा कोणी घासल्या, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या पट्टीच्या, खाचा कोणी कापल्या, शेवटची तपासणी कोणी केली. आपण शोधायचा आहे तो हाच फरक.

चुंबक ऐकतो ते काय

तारांच्या खाली दिसणारी आयताकृती पट्टी म्हणजे पिकअप. तिच्या आत चुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्ट्रॅटोकास्टरच्या जुन्या पिकअपमध्ये हे वेढे सात-आठ हजारांच्या घरात असत. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र डुलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने दाखवलेला नियम तो हाच. म्हणून नायलॉनची तार लावली तर असा पिकअप मुका राहतो.

पिकअप कुठे बसवला आहे यावर आवाजाचा रंग ठरतो. ब्रिजजवळ, म्हणजे गिटारीच्या अंगावरच्या तारांच्या आधाराजवळ, तार कमी झुलते, तिथला आवाज धारदार आणि टोकदार. मानेजवळ तार मोकळी झुलते, तिथला आवाज गोल आणि मऊ. गिटारीवरचा छोटा खटका या जागांमध्ये निवड करतो.

एका गुंडाळीच्या पिकअपला सिंगल कॉइल म्हणतात. त्याचा आवाज लख्ख, काचेसारखा. पण तांब्याचे हजारो वेढे म्हणजे एक अँटेनाच. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि तिची घरघर हा पिकअप आवडीने पकडतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट किंवा दिव्याचा डिमर जवळ असेल तर घरघर आणखी वाढते. गिब्सनमधले अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड शोधली. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दोन्ही दुसरीच्या उलट. बाहेरून आलेली घरघर दोन्हींत उलटसुलट उमटते आणि एकमेकींना खोडते, तारेचा आवाज मात्र जोडीने वाढतो. हाच हम्बकर. त्याचा आवाज जाड, भरदार. अ‍ॅम्प्लिफायरला जोराने ढकलून निघणारा फाटका, गुरगुरता आवाज ज्यांना हवा असतो ते रॉक आणि मेटलचे वादक हम्बकरच घेतात.

मग घ्यावे काय? तुमचे कान ज्या संगीतावर वाढले आहेत ते आठवा. स्वच्छ कॉर्ड, फंक, ब्लूज, गाण्याच्या मधल्या सुरेल ओळी यांसाठी सिंगल कॉइल शोभतो. जड रॉकसाठी हम्बकर. आणि अजून ठरलेच नसेल तर माझे मत स्पष्ट आहे. मानेकडे दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजजवळ एक हम्बकर, अशी दुकानदार ज्याला ‘एच-एस-एस’ म्हणतात ती मांडणी घ्यावी. शिकण्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आवड बदलते, आणि ही गिटार त्या बदलाबरोबर चालते.

मान: अर्धी निवड इथेच होते

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारीचे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले. कारखान्यात एखादा फ्रेट वर राहिला किंवा वाकडा बसला तर वादक ते घरी सुधारू शकत नाही. म्हणून मानेकडे डोळे आणि बोटे दोन्ही लावून पाहायचे.

फ्रेट कुठे बसवायचा याचे गणित सुंदर आहे. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची जी मोकळी लांबी, तिला स्केल म्हणतात. फेंडरच्या बहुतेक गिटारींत ती ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच असते. गिब्सनमध्ये सुमारे ६२८. पुढचा प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या साधारण अठराव्या भागावर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, जिथे सप्तक पूर्ण होते. ६४८ मिलिमीटरच्या गिटारीत पहिला फ्रेट नटपासून सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरवर पडतो आणि बारावा ३२४वर.

फेंडर आणि गिब्सनच्या स्केलमधला दोन सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, बोटांना मात्र तो लगेच कळतो. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर लांब स्केलवर ताण सुमारे सहा टक्के जास्त येतो. लांब स्केलवर तार कणखर लागते, आवाज टणक येतो. आखूड स्केलवर तार मऊ लागते, ओढून सूर चढवणे सोपे जाते. लहान हातांसाठी आणखी आखूड गिटारीही मिळतात. फेंडरच्या मस्टँगचे स्केल २४ इंच आहे, स्क्वायरच्या मिनीचे पावणेतेवीस. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण आकाराची गिटार ‘वाढेल तसा पुरेल’ म्हणून देऊ नये. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवून चालतो, पण हात न पोचणारी गिटार मुलाला पहिल्याच महिन्यात नाउमेद करते.

ताणाचा दुसरा भाग तारेच्या जाडीचा. ‘नऊचा संच’ म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश, ‘दहाचा संच’ म्हणजे दहा हजारांश. फरक एका हजारांशाचा, पण त्या तारेवरचा ताण जवळपास तेवीस टक्क्यांनी वाढतो. नवशिक्याने नऊचा संच लावायला संकोचू नये. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे गिटार खालच्या सुरात उतरवून त्या आणखी सैल केल्या. हेवी मेटलचा जो काळोखा, जड आवाज जगभर पसरला, त्यामागे दुखऱ्या बोटांना झेपेल एवढा ताण शोधण्याची धडपडही आहे.

मानेच्या मागचा भाग तळहातात कसा बसतो, हे ज्याचे त्याने पाहायचे. कुणाला जाड, क्रिकेटच्या बॅटच्या मुठीसारखी मान आवडते, कुणाला पातळ. फ्रेटबोर्डचा वरचा पृष्ठभाग किंचित गोलसर असतो. जुन्या फेंडरसारखा जास्त गोल असेल तर कॉर्ड धरायला सुखाचा, पण तार खूप ओढली की आवाज दबतो. चपटा असेल तर ओढायला सोपा. मधली वाट पहिल्या गिटारीला बरी.

डावखुऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा बदलून वाजवत असे, हे खरे. पण तुम्ही तसे करायलाच हवे असे नाही. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या गिटारी बनतात. दुकानात त्या क्वचित टांगलेल्या असतात, म्हणून आधी मागणी नोंदवावी आणि आल्यावर वाजवून पाहूनच पैसे द्यावेत.

शिसव, ऐन आणि लाकडाचा वाद

गिटारवाल्यांच्या गप्पांत लाकडाचा विषय निघाला की रात्र सरते. अंग आल्डरचे की महोगनीचे, यावर वाद अजून मिटलेला नाही. लाकडाचा परिणाम शून्य आहे असे मी म्हणत नाही. पण पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर, तारा आणि वाजवणाऱ्याची बोटे यांच्यापुढे तो लहान आहे, आणि पहिल्या गिटारीच्या खरेदीत लाकडासाठी जादा पैसे मोजू नयेत असे माझे ठाम मत आहे. वजनाकडे मात्र लक्ष द्यावे. लेस पॉल चार किलोच्या वर सहज जाते, स्ट्रॅटोकास्टर साधारण साडेतीन किलोच्या आसपास असते. दोन तास खांद्यावर अडकवून उभे राहिल्यावर हा फरक कळतो.

लाकडाच्या गोष्टीत आपल्या मातीचा एक धागा आहे. गिटारीच्या फ्रेटबोर्डला पूर्वी ब्राझीलचे रोझवुड वापरत. १९६०च्या दशकात ते दुर्मिळ होऊ लागले आणि त्याची जागा भारतीय रोझवुडने घेतली. भारतीय रोझवुड म्हणजे आपला शिसव, ज्याच्या खुर्च्या-कपाटांसोबत जुन्या वाड्यांतल्या पिढ्या वाढल्या. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर अनेक कंपन्यांनी दुसरी लाकडे शोधली होती. स्क्वायर आणि एपिफोनच्या माहितीपत्रकांत ‘इंडियन लॉरेल’ असे नाव दिसते. तो म्हणजे सह्याद्रीच्या रानात जागोजागी उभा असलेला ऐन. नाव परके वाटले म्हणून ते लाकूड हलके समजू नका.

ब्रिज साधा असावा

तारांचा दुसरा आधार म्हणजे ब्रिज, आपल्या वाद्यांतली घोडी. काही गिटारींत तो स्थिर असतो. स्ट्रॅटोकास्टरमध्ये तो स्प्रिंगांवर तोललेला असतो आणि दांडी दाबली की सूर लहरतो. फ्लॉइड रोझ नावाची आणखी पुढची रचना आहे. तिच्यात तारा दोन्ही टोकांना पकडीत घट्ट आवळलेल्या असतात. ती मुरलेल्या वादकाच्या हातात कमाल करते. नवशिक्याला मात्र एक तार बदलायची तरी पान्याने तास घालवावा लागतो, कारण एका तारेचा ताण बदलला की तरंगता ब्रिज हलतो आणि बाकीच्या पाच तारा बेसूर होतात. पहिल्या गिटारीत स्थिर ब्रिज किंवा स्ट्रॅटोकास्टरचा साधा ब्रिज घ्यावा. शिकणाऱ्याचा वेळ सुरात लावण्यापेक्षा वाजवण्यात जावा.

दुकानातला अर्धा तास

मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर भोपळा, दांडी, खुंट्या, तारा सगळे जुळवून झाल्यावरही वाद्य लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत. घोडीचा माथा घासून घासून जवारी काढतात, तेव्हा कुठे तंबोरा बोलू लागतो. गिटारीच्या जुळणीलाही असाच शेवटचा हात लागतो. त्याला सेटअप म्हणतात. जवारीत तार घोडीला हलकेच स्पर्शून झणकारावी लागते. गिटारीत उलट, कोणत्याही फ्रेटवर झणकार येता कामा नये. स्वस्त गिटारीचा सेटअप कारखान्यात अनेकदा घाईने उरकलेला असतो. एकाच नमुन्याच्या दोन गिटारी शेजारी टांगलेल्या असतात आणि एक लोण्यासारखी वाजते, दुसरी बोटे सोलते. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींतले उत्तम भाग जोडून ‘ब्लॅकी’ बनवली. एका कंपनीच्या, एका नमुन्याच्या गिटारी सारख्या नसतात, हे त्याला बोटांनी सांगितले होते.

म्हणून आवडलेल्या नमुन्याच्या दोन-तीन गिटारी काढायला सांगा आणि अर्धा तास तरी द्या. तपासणी या क्रमाने करा.

आधी खुर्चीवर बसून, मग पट्टा लावून उभे राहून गिटार धरा. हात सोडला की मानेचे टोक खाली झुकते का पाहा. झुकत असेल तर डावा हात वाजवण्याऐवजी गिटार सावरण्यात दमेल.

मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. फ्रेटची टोके टोचत असतील तर लाकूड आक्रसले आहे किंवा घासकाम राहिले आहे. दमट हवेत बनलेली गिटार विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात आली की फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची धातूची टोके बाहेर डोकावतात. थोडे असेल तर कारागीर घासून देतो.

सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात पातळ व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. फट अजिबात नसेल किंवा बरीच जास्त असेल तर मान वाकलेली आहे. मानेच्या आत पोलादी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात आणि किल्लीने ती फिरवून मान सरळ करता येते. दुकानदाराला तुमच्यासमोर ती फिरवून दाखवायला सांगा. सळई फिरतच नसेल तर ती गिटार सोडून द्या.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावी. मग वायर न जोडता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. सहा तारा, एकवीस-बावीस फ्रेट, म्हणजे सव्वाशेच्या आसपास सूर. कंटाळू नका. एखादा सूर दबला किंवा झणझणला तर त्या जागी फ्रेट वरखाली आहे.

मोबाइलवरच्या ट्यूनरने गिटार सुरात लावा. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर त्याच सुराचे नाव दिसले आणि काटाही मध्यावर राहिला तर ठीक. दाबताना तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून ब्रिजवरची प्रत्येक तारेची बैठक पुढेमागे सरकवून हा फरक भरून काढायचा असतो. हे काम पाना घेऊन दहा मिनिटांत होते. पण बैठक सरकवूनही सूर जुळत नसेल तर दोष खोल आहे.

शेवटी वायर जोडा. नॉब फिरवताना खरखर येते का, खटक्याच्या प्रत्येक जागेवर आवाज मिळतो का, वायर हलवली की आवाज तुटतो का, हे पाहा.

तुम्हाला अजून वाजवता येत नसेल तर वाजवणारा मित्र किंवा शिक्षक बरोबर न्या. त्याला दोन गिटारी आळीपाळीने वाजवू द्या आणि तुम्ही पाठ फिरवून ऐका. रंग दिसेनासा झाला की कान प्रामाणिक होतो. मान मात्र स्वतःच्या हातात धरून पाहा, ते काम दुसऱ्याला सोपवता येत नाही.

उरलेले अर्धे वाद्य

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे गिटारीचे जोडसामान नव्हे, तो वाद्याचा अर्धा भाग आहे. भोपळ्याचे काम तोच करतो. पुष्कळ लोक सगळे पैसे गिटारीत घालतात आणि घरच्या म्युझिक सिस्टिमला ती जोडतात. मग आवाज पातळ आणि टोचरा येतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर फार उंच कंपने गाळून टाकतो आणि कानाला सुखावणारा भाग पुढे आणतो, ते काम घरचा स्पीकर करत नाही.

घरी सरावाला दहा ते वीस वॉटचा, हेडफोन लावता येणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर भरपूर होतो. वॉटच्या आकड्याने दिपू नका. शंभर वॉटचा आवाज दहा वॉटच्या दहापट वाटत नाही, कानाला तो साधारण दुप्पट भासतो. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हेडफोनची सोय म्हणजे रात्री अकरानंतरचा सराव. संगणक असेल तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार संगणकाला जोडणारे उपकरण, घेऊन त्यावरही निरनिराळ्या अ‍ॅम्प्लिफायरांचे आवाज मिळवता येतात.

एक इशारा मनापासून देतो. गिटारीच्या तारा वायरमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला आणि तिथून घराच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. प्लगची तिसरी, जाड पिन काढून किंवा अर्थिंग नसलेल्या जोडणीवर अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालवू नका. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात लेस हार्वी हा गिटारवादक मंचावर अर्थिंगच्या दोषामुळे मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने गेला. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात आणि गॅदरिंगला घाईघाईने तारा ओढल्या जातात. तिथे वाजवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हा संकोचाचा विषय नाही.

पैशांची वाटणी

किमती दर वर्षी बदलतात, म्हणून रकमेऐवजी वाटणी सांगतो. हातात जेवढे पैसे असतील त्यांतले साठ टक्के गिटारीला, पंचवीस-तीस टक्के अ‍ॅम्प्लिफायरला, आणि उरलेले चांगली वायर, पट्टा, पिशवी, ट्यूनर, तारांचा जादा संच आणि एका सेटअपसाठी बाजूला ठेवावेत. सेटअपचे पैसे वाचवू नका. सामान्य गिटार कुशल हातातून गेली की आपल्या दुप्पट किमतीच्या गिटारीशी बरोबरी करते.

जुनी गिटार घ्यायला हरकत नाही. भरीव गिटार पोकळ गिटारीपेक्षा काटक असते. पण फ्रेट तारांखाली खोल झिजले आहेत का, ट्रस रॉड फिरतो का आणि नटपाशी मानेला चीर आहे का, एवढे नक्की पाहा. चांगल्या अवस्थेतली पाच वर्षांची गिटार त्याच किमतीच्या नव्या गिटारीपेक्षा सरस निघू शकते.

गोव्यात, कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार आधीच करावा. दमट हवेने मान हलते, तारा गंजतात. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसाव्या, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, आणि पावसाळ्यानंतर एकदा मान तपासून घ्यावी.

क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. त्याच बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. शाळकरी वयात त्याला फेंडर किंवा गिब्सन परवडणारी नव्हती. १९६३ मध्ये वडिलांबरोबर त्याने घरीच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या महोगनीतून, स्वतःच्या हाताला बसेल अशी कोरली. ब्रिजला मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या, फ्रेटबोर्डवरच्या खुणांना आईच्या शिंपल्याच्या गुंड्या. दोनेक वर्षे लागली. तीच गिटार तो पुढे अनेक दशके वाजवत राहिला.

आपल्यापैकी फार थोड्यांना गिटार घडवता येईल, पण हाताला बसणारी सापडेपर्यंत थांबणे प्रत्येकाला जमते. या रविवारी दुकानात जा, पाच गिटारी मांडीवर घ्या आणि एकही विकत न घेता परत या. आठवड्याभराने ज्या मानेची आठवण तळहाताला येईल, ती गिटार घ्या, सेटअप करून आणा आणि पिशवीत बंद न ठेवता हाताशी, स्टँडवर उभी करा.